मथुराबाईच्या डाव्या पायातली शीर

मित्रांनो, मथुराबाईच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूने एक निळसर रेघ वर चढत गेलेली दिसते आणि गुडघ्याखाली तिला दोन-तीन गाठी आहेत. ती रेघ म्हणजे मी. दवाखान्यात मला नीला म्हणतात, घरीदारी शीर म्हणतात, आणि भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीच्या बायका 'नस चढली' म्हणून बोट दाखवतात. वय विचाराल तर मथुराबाईचं तेच माझं, छत्तीस. हे काही म्हातारपणाचं वय नव्हे, पण मी आत्ताच जुनी होऊन बसले आहे. कशाने झाले, आणि एका रविवारी माझ्या पायी मथुराबाई कशी जाता जाता राहिली, ते तुम्हाला सांगायचं आहे. एक आधीच सांगून ठेवते, स्वभावाने मी भारी काळजीखोर. अजूनही तिने बादली उचलली की मी ठणकायच्या तयारीत असते.

आमची घडण कशी असते ते आधी सांगू द्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझ्या भिंतीला तीन पदर आहेत. आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं, इतकं गुळगुळीत की रक्त त्याला कुठे अडत नाही. नुसतं गुळगुळीत असून भागत नाही. रक्त वाहतं राहावं, गोठू नये, याची राखण ते अस्तरच करतं. मधला पदर स्नायूंचा आणि ताणून परत येणाऱ्या धाग्यांचा. आणि बाहेरचा पदर चिवट तंतूंचा, जो मला आजूबाजूच्या मांसाशी धरून ठेवतो. या भिंतीचं पोट भरायलासुद्धा केसाहून बारीक वाहिन्या आहेत. भिंत झाली म्हणून काय, तिलाही भूक असतेच.

माझी थोरली जाऊ म्हणजे धमनी. ती मांसाच्या खाली, खोल, सुरक्षित बसलेली. पदर तिलाही तीनच, पण तिचा मधला पदर जाडजूड. हृदयाचा एकेक ठोका म्हणजे केवढा धक्का! तो ती छातीवर घेते, फुगते, परत जागेवर येते आणि रक्त पुढे लोटते. रक्त थोडं कमी असलं तरी तिची नळी गोलच राहते. मी मात्र रिकामी झाले की चपटी होते, आणि वरून कोणी जरा दाबलं तर दोन्ही भिंती एकमेकींना चिकटतात. हे नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे सगळं यावरच येऊन अडलं.

जाऊबाईने आणलेलं रक्त पुढे केशवाहिन्यांत शिरतं. त्यांची भिंत म्हणजे निव्वळ ते एकेरी अस्तर, दुसरं काहीच नाही, म्हणून तर तिच्यातून प्राणवायू आणि अन्न मांसापर्यंत झिरपतं. तिथून निघालेलं थकलंभागलं रक्त माझ्या पदरात पडतं, आणि ते मी वर न्यायचं. घोट्यापासून जांघेपर्यंत सगळी चढण! हृदयाचा धक्का तोवर संपलेला असतो. मला दोनच आधार. एक माझ्या झडपा. आतल्या अस्तराच्याच घडीच्या या झडपा रक्ताला वर जाऊ देतात आणि खाली आलं की मिटतात. दुसरा आधार पोटरीचा. बाई चालली की पोटरी आवळते, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, त्यांचं रक्त वर सरकतं, आणि माझं रक्त त्यांच्या रिकाम्या जागेत उतरतं. थोडक्यात, ती चालली की मी सुखी.

मथुरा भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची. लहानपणी ती एका जागी उभी म्हणून राहिली नाही. धानाच्या बांधीत, जंगलात मोहफुलं वेचायला, नदीवर, सगळीकडे पायीच. माझ्या आयुष्यातले ते निवांत दिवस. लग्नात तिच्या आईने स्वतःच्या पायातले चांदीचे तोडे काढून लेकीच्या पायात घातले. डावा तोडा बरोबर माझ्या उगमावर येऊन बसला. तिच्या आईच्या पायातही माझ्यासारखीच एक वाकडीतिकडी शीर होती, म्हणजे दागिन्याबरोबर भिंतीचा कच्चेपणाही लेकीकडे आला. पण तो कोणाला दिसणार?

एकोणीसशे सत्तावन्न साली नवरा देवाजी तिला घेऊन गोंदियाहून गाडीने दुर्गला उतरला. भिलाईत रशियाच्या मदतीने लोखंडाचा कारखाना उभा राहत होता आणि हाताला काम होतं. खुर्सीपारला त्यांनी कुडाची एक खोली बांधली. देवाजी पाण्याचे पाइप टाकणाऱ्या टोळीत लागला आणि मथुरा रेजा म्हणून, म्हणजे डोक्यावर माल वाहणारी बाईमाणूस. सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, खायची, लहानग्या लेकीला, रुक्माला, शेजारच्या गयाबाईकडे ठेवायची आणि साइटवर जायचं. पहिलं वर्ष घमेलं डोक्यावर घेऊन उतरणीवरून खाली-वर चालण्यात गेलं. वजन भारी होतं, मान दुखायची, पण पोटरी चालू होती. माझी काही तक्रार नव्हती.

मग पाया भरायची वेळ आली. मोठ्या यंत्राखालचा पाया एकदा ओतायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही, थांबलं तर सांधा कच्चा राहतो. जिथे गाडी पोचत नसे तिथे बायकांची रांग लावत आणि भरलेली घमेली या हातातून त्या हातात पुढे जात. पाय हलवायचे नाहीत, नुसती कंबर वळवायची. मुकादम मारोतराव मोठा पारखी माणूस. रांगेच्या वळणावर, जिथे घमेलं हमखास सांडतं, तिथे कोणाला ठेवायचं हे त्याने दोन दिवसांत हेरलं.

"मथुराले वळणावर उभी करा," तो म्हणाला. "ती हलत नाही."

झालं! तेवढं एक कौतुक माझ्या मुळावर आलं. दहा-दहा तास ती त्या वळणावर खांब होऊन उभी. तिच्या हातून घमेलं कधी पडलं नाही. एकदा एका रशियन साहेबाने उभं राहून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. घरी जाऊन देवाजीला तिने चारदा ते सांगितलं. खाली घोट्यात मी फुगून टम्म झाले होते. पण मला टाळ्या कोण वाजवणार?

उभं राहण्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. छातीपासून घोट्यापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ असतो आणि माणूस हलला नाही की त्याचं सगळं वजन माझ्या तळच्या भिंतीवर येतं. चालताना हेच वजन तिसऱ्या हिश्श्यावर उतरतं. रांगेत मला एवढीशीही उसंत मिळेना. माझा मधला पदर पातळ, तो ताणला गेला. नळी रुंदावली तशा झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींपासून लांब गेल्या. मिटायच्या वेळी त्या मिटेनात. रक्त खाली सांडू लागलं आणि खालच्या झडपेवर दुप्पट बोजा आला. मग ती गेली, मग तिच्या खालची. अठ्ठावन्न साली पोटात हिरालाल होता आणि सातव्या महिन्यापर्यंत ही बाई वळणावर उभी होती. गरोदरपणात आमच्या भिंती आधीच सैल पडतात, त्यात वरून पोटाचा भार. हिरालाल जन्मला तेव्हा गुडघ्याखाली माझी पहिली गाठ आली होती.

मला बोलता येत नाही. मी फक्त ठणकू शकते, तेवढी ठणकले. संध्याकाळी पाय जड करायचे, रात्री पोटरीत गोळे आणायचे, खाज आणायची. मथुरा पायाला तेल चोळायची आणि उठून कामाला लागायची. एकोणसाठच्या सुरुवातीला पहिली भट्टी पेटली, सगळ्या भिलाईने जल्लोष केला, आणि मला वाटलं आता तरी सुटले. कसचं काय. पुढच्या कामाचे पाये होतेच. घोट्याजवळची कातडी काळपट आणि पातळ होत चालली. तोडा तिच्यावर घासत होता आणि सुजेमुळे आता तो पायातून निघतही नव्हता. भिंत माझी पातळ, वरची कातडी पातळ, आणि त्यावर चांदीची कडा. मी रोज सकाळी भीत भीत दिवस सुरू करत असे.

शेवटी गयाबाईने तिला धरूनच दवाखान्यात नेलं. तिथे अन्नपूर्णाबाई नावाची नागपूरकडची नर्स होती. बोलायला कडक, हाताने मऊ. तिने माझ्या शेजारी बोट दाबलं, तिथे खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही. तिने मान हलवली.

"हे बघ मथुरा," ती म्हणाली, "हे वर जाणारं रक्त हाय, तुझ्या पायात साचून राहिलं. रोज सांजच्याला निजून पाय छातीच्या वर ठेवत जा. तोडे काढ. अन् कधी फुटलीच ही, तर बसू नोको. निजून पाय वर कर अन् तिथंच दाबून धर. वरतून बांधू नोको."

मित्रांनो, माझ्या भाषेत बोलणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. मला वाटलं, आता काळजी मिटली. पण घरी आल्यावर मथुरा त्या एका खोलीच्या मधोमध उभी राहून विचारात पडली. पाय वर करायचे म्हणजे भिंतीला लावायचे, आणि लावायचे कुठल्या भिंतीला? पूर्वेच्या भिंतीवर देवाची फळी. दक्षिणेला चूल, म्हणजे अग्नी. पश्चिमेला खुंटीवर वारलेल्या सासऱ्याची काठी आणि पागोटं, ज्यांच्यापुढून देवाजी रोज हात जोडूनच जायचा. राहिली उत्तर, तर तिकडे दार, आणि दाराकडे पाय करून फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. चारी दिशा बंद. बरं, नवरा कामावरून थकून येणार आणि बायको पाय वर करून पसरलेली, हे गयाबाईने पाहिलं तर काय म्हणेल? तोडे काढणं तर लांबच, ते आईचे होते आणि नवरा जिवंत असताना पाय मोकळे कशाला? तिने देवाजीला एवढंच सांगितलं की नर्सबाईने तेल लावायला सांगितलं आहे. माझा सगळा आनंद तिथेच मावळला.

आता देवाजीचं सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याच्या चांगुलपणातून झाला. देवाजी सरळ, कष्टाळू आणि बायकोवर जीव असलेला माणूस. पाइपाच्या कामात तो तयार झाला होता. त्याचे मिस्त्री दयाराम फार जपून शिकवायचे. भट्टीची भिंत थंड ठेवायला पाणी नेणारी लाइन वेगळी आणि तापलेलं पाणी परत आणणारी रिटन लाइन वेगळी, हे त्यांनी त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. गळती लागली तर घाबरून दिसेल तो व्हॉल्व्ह फिरवायचा नाही, आधी पाणी कुठून येतं ते बघायचं, असं ते सारखं म्हणत.

साठ साली टोळीतल्या लोकांसाठी अपघातात काय करावं याचा सहा दिवसांचा वर्ग झाला. देवाजी पहिल्या बाकावर बसला. हात तुटला, भळाभळा लाल रक्त उडालं, तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला आवळून बांधायचं, हे पाचव्या दिवशी शिकवलं. सहाव्या दिवशी निळ्या शिरांचं शिकवणार होते. पण त्याच दिवशी कारखान्याची घरं, म्हणजे क्वार्टर, मिळालेल्यांची यादी लागणार होती आणि देवाजी सायकल काढून सेक्टर ६ मध्ये यादी बघायला गेला. यादीत नाव नव्हतं. सर्टिफिकेट मात्र त्याला सगळ्यांबरोबर मिळालं, आणि त्याने ते काच लावून वडिलांच्या काठीशेजारी टांगलं. आल्यागेल्याला तो ते वाचून दाखवायचा. मथुरालाही अभिमान वाटायचा. माझ्या मनात मात्र ती सहाव्या दिवसाची रिकामी जागा काट्यासारखी सलत राहिली.

तो रविवार पौषातला, संक्रांत चार दिवसांवर आलेली. आदल्या दिवशी मथुरा पाया भरून संपेपर्यंत वळणावर उभी होती. दुपारी तिने चुलीवर कडकडीत पाणी तापवलं आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या न्हाणीत दगडावर बसून अंघोळीला लागली. गरम पाण्याने माझ्या भिंती आणखी सैल झाल्या, मी फुगले. तिने वजरी घेतली आणि टाच घासायला सुरुवात केली. सुजलेला पाय, घट्ट तोडा, भिजून मऊ पडलेली कातडी. तोडा जरा वर सरकला आणि त्याची कडा माझ्यावरून गेली.

मी फुटले.

तिला दुखलंच नाही. आम्ही फुटतो तेव्हा फारसं दुखत नाही, तीच तर भीतीची गोष्ट. पाणी लाल का झालं म्हणून तिने खाली पाहिलं, तर घोट्यातून काळसर लाल धार उडत होती, बारीक पण न थांबणारी. तिने लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, कशीबशी बाहेर आली आणि दगडी जात्यावर बसली. बसली, मित्रांनो! बसू नकोस असं सांगितलेलं, आणि ती पाय खाली सोडून बसली. पूर्ण स्तंभाचं वजन त्या भोकावर.

"रुक्माचे बाबा," ती म्हणाली, "हे पाहा जरा."

देवाजी हिरालालला खेळवत होता. त्याने रक्त पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, पण दुसऱ्याच क्षणी तो सावरला. त्याला येत होतं ना! भिंतीवर काचेत लावलेलं होतं. त्याने रुक्माला गयाबाईकडे पिटाळलं, खांद्यावरचा गमछा ओढला आणि मथुराच्या मांडीला गुडघ्याच्या वर गुंडाळून सगळ्या ताकदीनिशी गाठ मारली.

"घाबरू नोको," तो म्हणाला. "मले येते हे."

काय सांगू तुम्हाला माझी दशा. जाऊबाई खोल होती, जाड भिंतीची, हृदयाच्या धक्क्याने भरलेली. हाताने बांधलेल्या गमछ्याला ती काय दाद देणार! ती आपली ठोक्याठोक्याला रक्त खाली पाठवतच राहिली. मी वर, कातडीखाली, पातळ भिंतीची. गमछा आवळला आणि वरच्या अंगाला माझ्या दोन्ही भिंती चिकटून बसल्या. खोल शिराही दबल्या. येण्याची वाट उघडी आणि जाण्याची बंद झाली. आलेल्या रक्ताला बाहेर पडायला आता एकच जागा होती, घोट्यावरचं ते भोक.

धार जाड झाली. देवाजीने ते पाहिलं आणि त्याला वाटलं गाठ सैल पडली. त्याने पाय रोवून आणखी ओढली. धार आणखी वाढली. मी मनातल्या मनात आक्रोश करत होते की अरे बाबा, वरून नको, वरून नको. माझं ऐकणार कोण? अस्तर फाटलं होतं, त्याच्या खालचे तंतू उघडे पडले होते, आणि रक्तातल्या बारीक चकत्या भोक बुजवायला धावत होत्या. पण येणारा लोंढा त्यांना धुऊन नेत होता. मधल्या पदराने मी जीव खाऊन आवळायला पाहिलं, तर ताणून ताणून त्यात जोर उरला नव्हता. मथुराचे ओठ पांढरे पडले. जमिनीवरच्या शेणसारवणात रक्त मुरून उरलेलं चुलीकडे निघालं होतं. दोन लेकरांची आई माझ्या एवढ्याशा भोकातून जात होती आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

तिने देवाजीचा हात धरला.

"सोडा तो गमछा," ती म्हणाली. "नर्सबाईनं सांगतलं होतं मले. वरतून बांधू नोको, पाय वर कर अन् तिथंच दाबून धर म्हणे."

"अन् मंग मले कावून नाही सांगतलं?"

"पाय कुठी ठेवू मी? इकडं देव, तिकडं मामंजीची काठी."

देवाजीने एकदा सर्टिफिकेटकडे पाहिलं. गमछा सोडला तर सगळंच रक्त जाईल असं त्याला वाटत होतं, आणि त्याला दोष देऊ नका, त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं. त्याने गाठ धरूनच ठेवली. मग त्याची नजर परत घोट्याकडे गेली, त्या जाड झालेल्या काळसर धारेकडे. दोनदा आवळलं आणि दोन्ही वेळा गळती वाढली. त्याच्यातला पाइपवाला जागा झाला.

"हे रिटन लाइन हाय," तो पुटपुटला. "पाणी खालून येऊन राहिलं."

त्याने दातांनी गाठ सोडली. मथुराला जात्यावरून उचलून जमिनीवर आडवी केली. आता पाय कुठे ठेवायचा? पूर्व, पश्चिम, चूल, दार. क्षणभर तोही तिच्यासारखाच त्या चार दिशांमध्ये अडकला. मग तो तिच्या पायाशी मांडी घालून बसला आणि तिचा रक्ताने भरलेला पाय उचलून त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला.

मथुरा अर्धवट शुद्धीत होती, पण एवढं तिला कळलं. तिने पाय ओढायला पाहिला. दारात गयाबाई उभी होती, तिच्या मागे चार बायका. नवऱ्याच्या खांद्यावर बाईचा पाय, असं त्या वस्तीत कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"नोको," मथुरा म्हणाली. "देव पाहून राहिले."

"पाहू दे त्याइले," देवाजी म्हणाला आणि त्याने अंगठा बरोबर माझ्या भोकावर दाबला.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावरचं सगळं वजन उतरलं. पाय छातीच्या वर गेला तसा स्तंभ उलटा झाला आणि माझं रक्त आपसूक हृदयाकडे वाहू लागलं. इतकी वर्षं जी चढण मी रडत-कुढत चढले ती उतार झाली. मी रिकामी झाले, चपटी झाले, माझ्या भिंती एकमेकींना लागल्या. जो दुबळेपणा मघाशी जीव घेत होता तोच आता उपयोगी पडला. देवाजीच्या अंगठ्याखाली धार थांबली. मग त्या बारीक चकत्या येऊन उघड्या तंतूंना चिकटल्या, त्यांच्यावर जाळं विणलं गेलं, आणि मी शिवली जाऊ लागले. देवाजीने अंगठा काढला नाही. गयाबाईने बोलावलेली दवाखान्याची गाडी येईपर्यंत पाऊण तास तो तसाच बसून होता, गालाला तिची टाच टेकलेली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. ते गयाबाईने पुढे होऊन आपल्या पदराने पुसलं.

दवाखान्यात अन्नपूर्णाबाईने मलमपट्टी केली, घट्ट पट्ट्या गुंडाळायला शिकवलं आणि देवाजीकडे पाहून एवढंच विचारलं की अंगठा ठेवायचं कोणी सांगितलं. त्याने बायकोकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याने हॅक्सॉने तोडा कापला. एवढं रक्त गेलं तेव्हा न रडलेली मथुरा तोडा कापताना मात्र आईची आठवण काढून हुंदके देऊन रडली. रांगेतलं काम सुटलं. मारोतरावाने तिला पाणी देत फिरायच्या कामावर घेतलं, आणि वळणावर आता तो तासातासाला बाई बदलतो. देवाजी पुढच्या तुकडीच्या वर्गात सहाव्या दिवशी जाऊन बसला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. शिक्षकांनी निळ्या शिरांचं सांगून संपवल्यावर तो उभा राहिला आणि आपल्याकडून काय झालं होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. त्या रविवारनंतर उतरवून ठेवलेलं ते काचेतलं सर्टिफिकेट त्याने त्यानंतरच पुन्हा भिंतीवर लावलं.

त्रेसष्ट साली सेक्टर ६ मध्ये त्यांना क्वार्टर मिळालं. सामान आत आलं, देवाची फळी हातात घेऊन मथुरा उभी राहिली आणि कुठे लावायची म्हणून विचारू लागली. देवाजी आधी दोन्ही खोल्या फिरून आला. मग त्याने आतल्या खोलीची एक भिंत निवडली, तिच्यावर खिळासुद्धा ठोकायचा नाही असं ठरवलं आणि तिथे चटई अंथरली. ती जागा पायांची. देव आणि वडिलांची काठी समोरच्या खोलीत गेली. रोज संध्याकाळी अर्धा तास मथुरा तिथे निजते आणि भिंतीला पाय लावते. पहिले काही महिने ती दार लावून घ्यायची. आता लावत नाही. त्या भिंतीवर तिच्या टाचांचे दोन मळकट डाग पडले आहेत. दर दिवाळीला देवाजी घराला चुना मारतो, पण त्या दोन डागांवरून ब्रश फिरवत नाही.

मी बरी झाले असं काही म्हणता येणार नाही. गेलेल्या झडपा परत येत नाहीत, ताणलेली भिंत परत आवळत नाही. पट्टीच्या आधाराने आणि त्या अर्ध्या तासाच्या जोरावर दिवस काढते आहे. रेशनच्या रांगेत ती जास्त वेळ उभी राहिली की माझा जीव अजून टांगणीला लागतो. मग मी ठणकते, आणि आता ती माझं ऐकते, जागच्या जागी टाचा वर-खाली करते.

तुमच्याही घरात कोणीतरी दिवसभर उभं असेल. ओट्यापाशी, फळ्यापुढे, यंत्रापुढे, दुकानात. त्यांच्या पायांत माझ्या बहिणी आहेत आणि त्यांनाही बोलता येत नाही. दिवाळीला तुम्ही आईच्या पाया पडता ना? तेव्हा डोळे मिटू नका. खाली वाकलाच आहात, तर तिच्या घोट्याकडे एकदा नीट बघा.